उपचाराचा निर्णय नेमका कोण घेतंय? नांदेड-लातूरच्या रुग्णांसाठी मार्गदर्शन

ऑपरेशन ठरले, तारीख मिळाली आणि ऐनवेळी कोणीतरी म्हणाले, ‘हे योजनेत बसत नाही.’ हे कोणी ठरवले? औषधे दवाखान्यातल्याच मेडिकलमधून घ्यावी लागतात का? विमा कंपनीने कॅशलेस नाकारले, म्हणजे डॉक्टरांचा उपचार चुकला का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले तर पहिले डॉक्टर हात काढून घेतील का? नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. समोर डॉक्टर बसलेले असतात आणि बोलतातही तेच, त्यामुळे उपचाराचा सगळा निर्णय त्यांचाच आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातले बरेच निर्णय दुसऱ्याच टेबलावर झालेले असतात.

पूर्वी सगळे उत्तम होते असे समजण्याचे कारण नाही. ‘डॉक्टर सांगतील तसं’ या एका वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या कारभार चालला आणि त्यात पेशंटला विचारतो कोण, अशीच स्थिती होती. आता मात्र पेशंटबरोबर डॉक्टरांचाही शब्द मागे पडतो आहे. ज्या डॉक्टरांना स्वतःच्या बुद्धीने औषध लिहिता येत नाही, तपासणी टाळता येत नाही किंवा पेशंटला आणखी दोन दिवस ठेवून घेता येत नाही, त्यांच्यासमोर बसलेल्या पेशंटची निवडही नावापुरतीच राहते. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे: डॉक्टर चांगले की वाईट, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर विचारा, ‘हा निर्णय वैद्यकीय कारणाने झाला की दुसऱ्या कारणाने, आणि तो कोणी घेतला?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुढची वाट बरीच मोकळी होते.

निर्णय कुठे कुठे अडकतो?

- योजनेचे पॅकेज: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक उपचाराचा दर आणि त्यासाठी लागणारे पुरावे ठरलेले आहेत. डॉक्टरांना सुचलेला उपचार त्या यादीत नसेल तर तो योजनेतून होत नाही.
- विमा कंपनी आणि टीपीए (कंपनीसाठी दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था): पेशंटला न पाहता कागदपत्रांवरून मंजुरी देणारे किंवा नाकारणारे कार्यालय.
- रुग्णालयाचे व्यवस्थापन: पगारी डॉक्टरांकडून किती दाखल, किती तपासण्या, किती ऑपरेशने याची अपेक्षा ठेवणारे मालक.
- रेफरची साखळी: कोणाकडे पाठवायचे हे गुणवत्तेऐवजी कमिशनवर ठरणे, म्हणजेच कट प्रॅक्टिस.
- सरकारी साठा आणि मनुष्यबळ: औषध शिल्लक नाही, खाट नाही, तज्ज्ञाची जागा रिकामी आहे.

यातले काहीही ऐकीव नाही. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेशी जोडलेले डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून त्यांची कैफियत मांडली. ओपीडीत आलेल्यांपैकी ठरावीक प्रमाणात लोक ऑपरेशनपर्यंत पोहोचलेच पाहिजेत, असा दबाव मोठ्या रुग्णालयांत कसा येतो, हे त्यात डॉक्टरांनीच सांगितले आहे. कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी राज्य सरकारने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कायद्याचा मसुदा तयार झाला, पण कायदा झाला नाही. सरकारी बाजूचे चित्र नांदेडने साऱ्या देशाला दाखवले. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधांचा पुरवठा, रिक्त पदे आणि मंजूर खाटांपेक्षा जास्त भरती यांची चर्चा झाली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसांत एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले. औषधखरेदी, पदभरती आणि निधी यांचे निर्णय मंत्रालयात व्हावेत आणि अपमान मात्र वॉर्डात उभ्या असलेल्या डॉक्टरांचा व्हावा, हे या व्यवस्थेचे नेमके दुखणे आहे. राग चुकीच्या माणसावर निघाला की खरा निर्णय घेणारा सुटतो, आणि पुढच्या पेशंटची अडचण तशीच राहते.

दाखल होण्याआधी: वाट आधी ठरवा

निवडीचे बहुतेक मार्ग दाखल होण्याआधी खुले असतात आणि सलाईन लागले की एकेक बंद होतात. म्हणून तातडी नसलेल्या आजारात आधी पैसे कोणत्या वाटेने भरायचे हे ठरवा आणि मग रुग्णालय निवडा. आपल्याकडे साधारण चार वाटा आहेत.

1. सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालये. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी स्मारक जिल्हा रुग्णालय यात येते. विष्णुपुरीचे रुग्णालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. तेथील शुल्काचे नियम वेगळे आहेत, ते खिडकीवर विचारून घ्या.
2. जन आरोग्य योजनेची अंगीकृत रुग्णालये. १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेच्या रंगाची अट राहिलेली नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे.
3. धर्मादाय रुग्णालये. सार्वजनिक न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.
4. खासगी रुग्णालय, स्वतःच्या पैशाने किंवा विम्यावर. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार मुख्य सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. फलक दिसला नाही तर स्वागतकक्षात मागा.

योजनेतून उपचार घेताना

नांदेडकरांना ही योजना नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. लातूरला ती पुढच्या वर्षी २१ नोव्हेंबरपासून आली. तरीही आतले काम कसे चालते हे फार थोड्यांना ठाऊक असते. आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर शिधापत्रिका आणि आधार दाखवून नोंद होते. मग डॉक्टर यादीतले पॅकेज निवडतात. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी असे जे पुरावे त्या पॅकेजला लागतात, ते संगणकावर चढवले जातात. दुसऱ्या ठिकाणी बसलेले डॉक्टर ते पाहून मंजुरी देतात, शंका काढतात किंवा नाकारतात. म्हणजे ‘योजनेत बसत नाही’ या एका वाक्याचे किमान चार अर्थ होऊ शकतात: उपचार यादीतच नाही, यादीत आहे पण या रुग्णालयाला त्या विषयाची मान्यता नाही, उपचार सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे, किंवा एखादा कागद कमी पडल्याने शंका निघाली आहे. पहिल्या अर्थात दुसरी वाट शोधावी लागते, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात रुग्णालय बदलावे लागते, चौथ्यात फक्त कागद जोडावा लागतो. अर्थ न विचारता घरी परतणारे किंवा सावकाराकडे जाणारे लोक बहुतेकदा याच चौथ्या अर्थाचे बळी असतात.

म्हणून एवढे करा:

- ‘बसत नाही’ ऐकताच विचारा, ‘वरीलपैकी कोणत्या कारणाने?’ उत्तर कागदावर मागा.
- आरोग्यमित्र योजनेच्या बाजूने नेमलेला असतो, रुग्णालयाचा नोकर नसतो. त्याच्याशी स्वतः बोला, मध्यस्थ घालू नका.
- मंजुरी मिळालेल्या उपचारासाठी वर पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.
- पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरच्या १० दिवसांची औषधेही येतात. ती घेतल्याशिवाय निघू नका.
- तातडीच्या पेशंटसाठी फोनवरून तात्पुरती मंजुरी घेण्याची सोय आहे. कागद घरी राहिले म्हणून योजना नाकारू देऊ नका.

पॅकेजमुळे डॉक्टरांचे हात बांधले जातात, मग पॅकेजच नको, असे काही जण म्हणतील. हा आक्षेप पुढे नेला तर गरिबाचेच नुकसान होईल. दर बांधलेले नसते तर किनवटच्या किंवा जळकोटच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हृदयाचे ऑपरेशन स्वप्नातही परवडले नसते. नियम हवाच आहे. मात्र नियमाने नकार दिला तर तो नियमाचा नकार आहे, वैद्यकीय सल्ला नाही, एवढे पेशंटला स्पष्ट कळले पाहिजे. डॉक्टरांनी ‘तुम्हाला या उपचाराची गरज आहे, पण योजना देत नाही’ असे सरळ सांगावे आणि केसपेपरवर लिहावे. ते लिहिलेले असेल तरच पेशंट दुसरीकडे प्रयत्न करू शकतो आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे दाद मागू शकतो.

खासगी विमा असेल तर

विम्यात पेशंटची निवड बहुतेक वेळा पॉलिसीच्या कागदातच गमावलेली असते. खोलीभाड्याची मर्यादा हे त्याचे ठळक उदाहरण. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर नुसता भाड्याचा फरक भरून भागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा खर्चांतही त्याच प्रमाणात कपात होते. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांवर मात्र अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही. बिलात ती लावली असेल तर हरकत घ्या. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा आहे. उशिरामुळे रुग्णालयाचा खर्च वाढला तर तो विमा कंपनीने सोसायचा आहे. दावा नाकारायचा असेल तर कंपनीच्या समितीने तो पाहिलेला असला पाहिजे आणि पॉलिसीतील नेमके कलम दाखवले पाहिजे.

कॅशलेस नाकारले म्हणजे दावा संपला, हा दुसरा मोठा गैरसमज. पैसे भरून उपचार घ्या, मूळ बिले आणि रिपोर्ट जपा आणि प्रतिपूर्तीचा दावा करा. उपचार का गरजेचा होता याचे डॉक्टरांचे पत्र त्यासोबत जोडा. विमा कंपनीपुढे डॉक्टरांच्या वैद्यकीय मताला वजन मिळते ते अशाच पत्रातून. कंपनीने तुमच्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता येते. नांदेड आणि लातूर त्यांच्याच कक्षेत येतात.

संमतीपत्रावर सही करण्याआधी

निवड सर्वांत स्वस्तात हातची जाते ती संमतीपत्रावर. छापील फॉर्म असतो, अक्षर बारीक असते, ऑपरेशनच्या नावाची जागा अनेकदा कोरी असते आणि सही घेणारी व्यक्ती डॉक्टर नसते. सही होते ती पेशंटची नव्हे, तर मुलाची, दिराची किंवा जावयाची. कायदा याच्या अगदी उलट सांगतो. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केले की पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असताना संमती त्याचीच हवी. त्या प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची गर्भपिशवी आईच्या संमतीवर काढली होती आणि ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. जीव वाचवण्याची तातडी असेल तेवढाच अपवाद. अँजिओग्राफी चालू असताना नातेवाइकांना बोलावून ‘स्टेंट आताच टाकायचा का, पटकन सांगा’ असे विचारले जाते, तेव्हा हा निकाल आठवा. शक्यता आधीच दिसत असेल तर डॉक्टर तपासणी आणि पुढचा उपचार या दोन्हींची संमती एकत्र घेऊ शकतात, पण त्यासाठी दोन्ही आधी समजावून सांगितले पाहिजे.

संमती नावापुरती राहिली की काय होते, ते मराठवाड्याने जवळून पाहिले आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे जवळपास दर सहा जणींमागे एकीची. अंगावरून जाणे, पोटदुखी अशा तक्रारींवर कॅन्सरची भीती घातली गेली, असे अनेकींनी सांगितले. त्यामागे उचल फेडायची चिंता होती, खाडा पडला तर कापला जाणारा पैसा होता आणि उसाच्या फडात ना शौचालय होते ना पाणी. सही त्यांचीच होती, पण निर्णय मुकादमाच्या हिशोबाने आणि भीतीने घेतलेला होता. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली गेली. लातूर-नांदेडच्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरूनही कोयते जातात. तिथल्या प्रत्येक घरापर्यंत ही माहिती पोहोचली पाहिजे.

सहीआधी डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा:

1. आजाराचे नाव काय आणि ते कोणत्या रिपोर्टवरून ठरले?
2. हा उपचार आत्ताच केला नाही तर काय होईल? थांबता येईल का, आणि किती दिवस?
3. औषधांनी किंवा लहान उपायाने भागेल का?
4. यात धोके कोणते, आणि या वयात त्याचे पुढे काय परिणाम होतात?
5. एकूण खर्च किती, आणि तो वाढला तर किती वाढू शकतो?

उत्तरे मराठीत मागा. घरात बंजारा, उर्दू किंवा तेलुगू बोलत असाल तर त्या भाषेत समजावणारे कोणी सोबत घ्या. कोऱ्या जागा भरल्याशिवाय सही करू नका आणि प्रत मागा. बाईच्या तपासणीवेळी डॉक्टर पुरुष असतील तर स्त्री मदतनीस हजर हवी, हाही तुमचा हक्क आहे.

दुसरे मत, कागद आणि औषधे

दुसरे मत घेणे हा अविश्वास नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या १७ कलमी रुग्णहक्क सनदेत तो स्वतंत्र हक्क आहे. पण रिपोर्ट हातात नसतील तर दुसरे डॉक्टर सगळ्या तपासण्या पुन्हा लिहितील आणि खर्च दुप्पट होईल. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि त्या तीन वर्षे जपाव्या लागतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या. शक्य असेल तर दुसरे मत अशा डॉक्टरांचे घ्या ज्यांना ते ऑपरेशन स्वतः करायचे नाही. शासकीय महाविद्यालयाची ओपीडी त्यासाठी चांगली जागा आहे. लातूरला १९६६ पासून सेवा देत असलेल्या विवेकानंद रुग्णालयासारख्या न्यासाच्या संस्थाही आहेत.

औषधांच्या बाबतीत नियम सोपा आहे: रुग्णालयाच्या आवारातील मेडिकलमधूनच औषधे घेणे बंधनकारक नाही. अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये तसा फलक लावण्याचे आदेश दिले. औषधाचे शास्त्रीय नाव लिहिण्याची विनंती करा म्हणजे जनऔषधी केंद्रातून घेता येईल. मात्र ऑपरेशन चालू असताना लागणारे औषध बाहेरून आणण्याचा हट्ट धरू नका. तिथे वेळ आणि साठवणुकीची खात्री महत्त्वाची असते. स्टेंट किंवा गुडघ्याचा सांधा बसवला तर त्याचे स्टिकर फाइलवर लावून घ्या. या दोन्हींच्या किमतींवर सरकारने २०१७ पासून मर्यादा घातली आहे.

रेफर आणि परगावचा प्रवास

देगलूर, धर्माबादकडून हैदराबाद-निजामाबाद, उदगीरकडून बिदर, औसा-निलंग्याकडून सोलापूर किंवा पुणे, हे ओघ जुने आहेत. निघण्याआधी रेफर करणाऱ्या डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: पाठवण्याचे कारण, आतापर्यंत दिलेली औषधे आणि तिथे नेमके काय व्हायला हवे. एकाच रुग्णालयाचे नाव पुढे केले तर दुसरा पर्याय विचारा. रेफर करण्याबद्दल कमिशन घेणे हे वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार गैरवर्तन आहे. खासगी ॲम्ब्युलन्सवाला नेईल तिकडे जाऊ नका, ठिकाण तुम्ही सांगा. सीमा ओलांडताना योजनाही सोबत येईल असे गृहीत धरू नका. आयुष्मान भारतचे लाभार्थी परराज्यातील अंगीकृत रुग्णालयात जाऊ शकतात, पण तुमचे कार्ड त्याच यादीतले आहे का हे निघण्याआधी १४५५५ वर विचारा.

तातडीच्या वेळी

हृदयविकार, अपघात, सर्पदंश, अडलेले बाळंतपण अशा वेळी वरची सगळी चौकशी बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करून जवळच्या सक्षम रुग्णालयात पोहोचा. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे. पैसे किंवा पोलिसांचे कागद त्याच्या आड येऊ शकत नाहीत. पेशंट स्थिर झाला की निवडीचा हक्क पुन्हा सुरू होतो. पुढे इथेच ठेवायचे की हलवायचे, हे तेव्हा विचारा. थकलेल्या बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही आणि पेशंटला कोंडून ठेवणेही बेकायदा आहे. बिलाचा वाद कायदेशीर मार्गाने सोडवायचा असतो.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर नको असेल तर तेही आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. घरातल्या मोठ्यांनी शुद्धीत असताना हे बोलून घेतले तर मुलांवर त्या निर्णयाचे ओझे पडत नाही.

डॉक्टरांची बाजूही समजून घ्या

‘खेड्यातल्या पेशंटला वैद्यकशास्त्र काय कळणार?’ असे काही डॉक्टर विचारतात. शास्त्र कळावे अशी अपेक्षाच नाही. आपल्या शरीराचे, पैशाचे आणि कामाच्या दिवसांचे काय होणार, एवढे समजण्याइतका प्रत्येक माणूस शहाणा असतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: शंभर पेशंटच्या ओपीडीत एवढे बोलायला वेळ कुठे आहे? म्हणूनच प्रश्न घरून लिहून न्या, एकाच नातेवाइकाने बोला आणि मोबाइलवर वाचलेले डॉक्टरांच्या तोंडावर फेकू नका. लेखी कारण मागणे हेही डॉक्टरांच्या विरोधात नाही. व्यवस्थापनाने, टीपीएने किंवा रिकाम्या भांडाराने अडवले हे केसपेपरवर आले, तर उद्या जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर येत नाही. धक्काबुक्की आणि तोडफोड मात्र कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. २०१० च्या राज्य कायद्याने तो गुन्हा आहे, आणि मार खाण्याच्या भीतीने डॉक्टर अवघड पेशंट दाखल करून घेणे टाळतात, याचा फटका पुढच्या गरिबालाच बसतो.

तक्रार कुठे कराल?

- दरफलक, सनद, कागद न देणे: नांदेड-वाघाळा किंवा लातूर महापालिकेच्या हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग, हद्दीबाहेर जिल्हा शल्यचिकित्सक.
- डॉक्टरांचे गैरवर्तन: महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, मुंबई.
- निष्काळजीपणा किंवा सेवेतील त्रुटी: जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सगळ्यांना मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयांना हा कायदा सहसा लागू होत नाही.
- धर्मादाय खाट नाकारणे: जिल्ह्यातील धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय.
- शासकीय महाविद्यालय: अधिष्ठाता, नोंदी मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज.

तक्रारीत राग लिहू नका. तारीख, वेळ, कोण काय म्हणाले आणि कोणता कागद मागितला, एवढेच लिहा. निर्णय नेमका कोणी घेतला हे त्यातून दिसले पाहिजे.

आज घरी एवढे काम उरका: प्रत्येकाचे जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये लावा, शिधापत्रिका, आधार आणि पॉलिसीची प्रत त्यात ठेवा आणि वरचे पाच प्रश्न पहिल्या पानावर लिहा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा ती फाइल काखेत असू द्या, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.